नऊ पॉईंट एक सेंटिमीटर

माझी पिशवी नऊ पॉईंट एक सेंटिमीटर लांब आहे. रुंदी पाच पॉईंट दोन, जाडी चार पॉईंट चार. ती जिथं असायला हवी तिथंच आहे आणि माझ्यापाशीच आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. आमच्या गल्लीत हा विषय निघाला की बायकांचा आवाज एकदम खाली येतो. माझा येत नाही. सासूबाई म्हणतात, तुझं बोलणं नाशकातल्या द्वारकेच्या सिग्नलवर सगळे हॉर्न वाजत असले तरी ऐकू येईल. येऊ दे की!

पिशवी म्हणजे गर्भाशय. पण गर्भाशय हा शब्द शाळेच्या पुस्तकातला. बायका आपसात पिशवीच म्हणतात, आणि "तिची पिशवी काढली" हे दाढ काढली म्हणावं इतक्या सहज म्हणतात. सासूबाईंची बत्तिसाव्या वर्षी काढली. त्यांच्या दोन्ही जावांची काढली. शेजारच्या वहिनींची परवाच्या उन्हाळ्यात काढली. मी कामाला जाते तिथं आमच्या टेबलापाशी आठ जणी उभ्या असतो, त्यातल्या पाच जणींची नाहीये. त्यामुळं दोन वर्षांपूर्वी माझी पाळी आली, म्हणजे काढायची पाळी आली, तेव्हा घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

काम म्हणजे दिंडोरीच्या बाजूला एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांची साईज तपासायची. सकाळी सातला द्वारकेवरून आमची गाडी सुटते. हातात एक प्लास्टिकची पट्टी असते, तिला ओळीनं गोल छिद्रं, प्रत्येकाखाली आकडा लिहिलेला: चौदा, सोळा, अठरा, अशी मिलिमीटरची मापं. घडातला मणी छिद्रातून आरपार घरंगळला तर लहान, अडकला तर पास. परदेशात जाणारा माल, त्यामुळं एका मिलिमीटरवरून क्रेट परत जातो. अकरा सीझन झाले मी हेच करते. आता पट्टी नुसती हातात असते, नजरेलाच कळतं.

पहिल्या सीझनला मात्र मी मोठा घोळ घातला होता. थॉमसनचा, म्हणजे हिरव्या द्राक्षांचा, माल आला होता, त्याला सोळाचं माप लावायचं होतं. मी आदल्या दिवशी काळा जंबो तपासला होता, तो मुळात मोठा वाण, त्याला वरचं माप. मी तेच डोक्यात ठेवून थॉमसनला अठराचं लावत बसले आणि सकाळपासून चांगले अकरा क्रेट बाजूला काढले. सुपरवायझरनं येऊन एक मणी तोंडात टाकला आणि कपाळावर हात मारला. "ताई, माल एक नंबर आहे, तुम्ही माप भलतंच लावलंय!" सगळ्या खदखदा हसल्या. मी त्या दिवशी जेवले नाही. हा घोळ लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. सीझन ऐन भरात होता. माझ्या ओटीपोटात दुखायला लागलं. आधी अधूनमधून, मग रोज. लघवीला जाताना आग व्हायची. त्यालाही कारण होतं, आज कळतं. पॅकहाऊसमध्ये संडास पार टोकाला, साठ बायकांना एक. तिथं जायचं तर टोपी काढा, हातमोजे काढा, ॲप्रन काढा, आल्यावर पुन्हा हात धुवा, पुन्हा सगळं चढवा. दहा मिनिटं जातात, तोवर लाईन अडते, सुपरवायझर घड्याळाकडं बघतो. म्हणून आम्ही बायकांनी आपला साधा उपाय काढलेला: पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी डब्यासोबत दोन घोट, की संध्याकाळी घरी आल्यावरच. नव्या बाईला आम्ही हे शहाणपण म्हणून शिकवायचो. किती मूर्ख होतो!

सासूबाई मला एका दवाखान्यात घेऊन गेल्या. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, म्हणजे नजर टाकली. त्यांच्यासमोर चहाचा कप होता, तोही अर्धाच संपला होता.

"बल्की आहे," ते म्हणाले. "पिशवीला सूज आहे. मुलं झालीत ना?"

"झालीत," सासूबाई म्हणाल्या.

"मग ठेवून काय करायचंय? उद्या कॅन्सरबिन्सर झाला तर पळापळ. काढून टाकू. सीझन संपला की या."

मी तोंडाळ बाई. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, सुपरवायझरशी, कुणाशीही दोन शब्द जास्तच बोलणारी. पण त्या खोलीत माझं तोंड शिवल्यासारखं झालं. आग होते हे मी सांगितलंच नाही. समोर पुरुष डॉक्टर, शेजारी सासूबाई, आणि ते सांगायचं कसं? "फक्त दुखतं," एवढंच म्हणाले. त्यांनीही पुढं काही विचारलं नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख घेऊन आम्ही बाहेर आलो.

रिक्षात सासूबाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरू नको माय. मी सुटले, तूही सुटशील." त्या बागलाणच्या. चाळीस वर्षं नाशकात राहिल्या तरी मन भरून आलं की अहिराणीत जातात, एरवी आमच्यासारखंच बोलतात. त्यांच्या गावी बायका कापणी उरकली की दोघी-तिघी मिळून दवाखान्यात जायच्या, एकमेकींची सोबत म्हणून. ज्याला त्याला माहीत असायचं की अमकी यंदा काढणार आहे. शेतातलं काम संपलं, आता हे.

घरी आल्यावर कॅन्सर हा शब्द माझ्या मागं लागला. पोळ्या लाटताना, गाडीत, पट्टी हातात धरलेली असताना. मुलगा दहावीत, मुलगी आठवीत. मला काही झालं तर? मी कुणाला बोलले नाही, पण भीती वाटत होती, भयंकर भीती. आणि भीतीपेक्षाही एक विचित्र गोष्ट होती, ती म्हणजे लाज. माझ्यातला एक भाग बिघडलाय, वेड्यासारखा वाढलाय, असं वाटायचं. पॅकहाऊसमध्ये रिजेक्टचा क्रेट कोपऱ्यात पडलेला असतो ना, त्याकडं बघवेना.

आता नवऱ्याचं सांगते. आमचे हे ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासणीला आहेत. सुटा भाग, त्यांच्या भाषेत जॉब, तयार होऊन आला की मोजायला व्हर्नियर लावायचा, ड्रॉईंगमधल्या आकड्याशी जुळवायचा, जुळला तर पास. वीस वर्षं हेच. घरात ते कपाटाचं दारसुद्धा मोजून लावतात. माणूस सरळ, बायकोवर जीव आहे, पण डोक्यात सदा मिलिमीटर. रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे टेबलावर माझा रिपोर्ट पसरून बसलेले. शेजारी मोबाईल, आणि मुलीच्या वहीतला एक कागद. त्यावर पट्टीनं रेघा मारून तक्ता केलेला. डाव्या बाजूला "नॉर्मल", मधे "प्रत्यक्ष", उजवीकडं "फरक".

"हे काय?"

"मोबाईलवर बघितलं. नॉर्मल लांबी साडेसात. तुझी नऊ पॉईंट एक. एक पॉईंट सहा जास्त." त्यांचा आवाज इतका दुःखी होता की मला आधी हसूच आलं. "रुंदीपण थोडी जास्त. जाडीचं तर विचारूच नको. आणि अंडाशयं बघ, डावं सत्तावीस मिलिमीटर, उजवं एकतीस. जोडी मॅच होत नाही गं."

"जोडी मॅच होत नाही?"

"चार मिलिमीटरचा फरक आहे. आमच्याकडं असा जॉब आला तर..."

"तर काय? बोला ना!"

कागदावर उजवीकडं, अगदी तळाशी, पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहून पुसलेलं होतं. मी कागद उजेडात धरला. "ओव्हरसाईज" असं लिहिलं होतं.

माझ्या डोक्यात सणक गेली. "मी काय तुमच्या कारखान्यातला जॉब आहे? दोन पोरं काढली ह्या पिशवीनं तुमची! तेव्हा नाही व्हर्नियर घेऊन आलात!" आणखी बरंच बोलले, सगळं लिहिण्यासारखं नाही. चहा त्यांच्यासमोर आपटला, निम्मा बशीत गेला. सासूबाई आतून म्हणाल्या, "ऑपरेशन झालं की शांत होईल." त्यावर मी त्यांनाही सोडलं नाही. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. कारण राग नवऱ्याचा नव्हताच. त्या तक्त्यावर माझाही विश्वास बसला होता. आकडा जास्त आहे तर आहे, त्याला मी काय करणार? मीसुद्धा आयुष्यभर आकडे बघूनच माल बाजूला सारत आले होते.

एप्रिल उजाडला. माल कमी व्हायला लागला, बागांमधे खरड छाटणीची गडबड सुरू झाली. मी सुपरवायझरला सांगून ठेवलं होतं की शेवटचा आठवडा येणार नाही. कशासाठी ते सांगावं लागलं नाही, तो ओळखून होता.

आणि त्या दिवशी आमच्या टेबलावर तेच घडलं. माझ्या शेजारी एक ताई उभी असते, माझ्याच वयाची, पिंपळगावकडची. सकाळी जंबो संपला आणि थॉमसन आला. तिनं माप बदललंच नाही. जंबोचं माप घेऊन ती भराभर थॉमसनचे घड बाजूला काढत होती, सात-आठ क्रेट तरी झाले. सुपरवायझर आला. मणी तोंडात टाकला. कपाळावर हात मारला.

"अहो ताई, माल चांगला आहे! वाण बघा ना आधी. कुणाला कुणाचं माप लावताय?"

सगळ्या हसल्या. मी हसायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. हातातला घड हातात. कुणाला कुणाचं माप लावताय. अगंबाई! इतकी वर्षं मी हे काम करते. वाण विचारल्याशिवाय मी पट्टीला हात लावत नाही. आणि माझ्या स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मी एकदा, एकदासुद्धा विचारलं नाही की साडेसात हे माप कुणाचं?

टोपी काढली, हातमोजे काढले, ॲप्रन काढलं. लाईन अडली तर अडू दे. बाहेर जाऊन यांना फोन लावला.

"तुम्ही मोबाईलवर माप बघितलं ना, ते कोणत्या बाईचं?"

"कोणत्या म्हणजे? बाईचं."

"अहो पण बाईचं वाण कोणतं?"

"अगं, काय बोलतेस? उन्हात फिरलीस का?"

"पोरं झालेली की न झालेली? म्हातारी की तरणी? ते पान परत उघडा आणि वर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. आत्ता!"

त्यांच्याकडं मशीनचा आवाज चालू होता. ते बाहेर आले असावेत, आवाज कमी झाला. मग ते एक-एक शब्द वाचायला लागले. आणि थांबले.

"मूल न झालेल्या स्त्रीचं," ते हळूच म्हणाले. "खाली वेगळं दिलंय. बाळंतपणांनंतर वाढतं म्हणे. नऊ, दहापर्यंतही असतं. मी... मी खालपर्यंत गेलोच नाही गं."

मी तिथंच, पॅकहाऊसच्या दारात, क्रेटच्या थप्पीला टेकून हसत सुटले. वॉचमन बघायला लागला. बघू दे!

पण मोबाईलवरचं वाचून तारीख रद्द करण्याइतकी मी खुळी नाही. मोबाईलनंच घोळ घातला होता, परत त्याच्यावरच भरवसा ठेवायचा? मी ठरवलं, दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं, आणि ह्या वेळी सगळं बोलायचं. पिंपळगावच्या ताईनं एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. सासूबाई म्हणाल्या, एवढी तारीख मिळालीय, कशाला दहा ठिकाणी दाखवत फिरतेस? मी म्हटलं, "आई, तुम्हीही चला. तुम्हाला जे विचारायचं ते तुम्ही विचारा." त्या तोंड वाकडं करून आल्या.

मॅडम पन्नाशीच्या असाव्यात, केस पांढरे, बोलणं संथ. त्यांनी रिपोर्ट घेतला, पण वाचायच्या आधी माझ्याकडं बघून विचारलं, "बाळंतपणं किती?"

बास. तिथंच मी जिंकले असं मला वाटलं. वाण विचारलं की हो बाईंनी!

"दोन. आणि एकदा तिसऱ्या महिन्यात खाली झालं होतं. आणि मॅडम, मला लघवीला जाताना आग होते, दीड महिना झाला. आणि मी दिवसभर पाणी पीत नाही, कारण कामावर संडास लांब आहे." सगळं एका दमात बोलून टाकलं. सासूबाईंनाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

मॅडमनी तपासलं, पाळीचं विचारलं, रक्त किती जातं विचारलं, घरात कुणाला काय झालं होतं ते विचारलं. लघवी तपासायला पाठवली, हिमोग्लोबिन करायला लावलं, आणि त्यांच्या मशीनवर स्वतः पुन्हा सोनोग्राफी केली. मग आम्हा दोघींना समोर बसवलं.

"हे बघा. मूल न झालेल्या बाईची पिशवी साधारण सात-आठ सेंटिमीटर असते. बाळंतपणं झाली की ती थोडी मोठी राहते. पूर्वीच्या मापावर परत जातच नाही, आणि जायची गरजही नाही. पाळी गेल्यावर पुन्हा लहान होत जाते. तुमची नऊ पॉईंट एक आहे. तुमच्यासाठी ही नॉर्मल आहे. आत गाठ नाही, अस्तर चांगलं आहे."

"आणि जोडी?" मी विचारलं.

"कसली जोडी?"

"अंडाशयांची. एक सत्तावीस, एक एकतीस. आमच्या ह्यांना काळजी लागलीय."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "ह्यांना सांगा, दोन्ही सारखी कधीच नसतात. महिन्याभरात कमी-जास्त होत असतात. मोठ्या बदामाएवढी असली म्हणजे झालं."

मग त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, ज्या बाईची खरंच काढावी लागते तिची त्या स्वतःच काढतात, त्यात घाबरण्यासारखंही काही नाही. पण त्यासाठी कारण लागतं. नुसता आकडा म्हणजे कारण नव्हे. माझं दुखणं लघवीच्या मार्गातल्या जंतूंचं होतं. पाच दिवसांच्या गोळ्या, रक्तवाढीच्या गोळ्या, आणि पाणी. भरपूर पाणी.

मी उठणार तेवढ्यात सासूबाई बोलल्या. इतका वेळ त्या मांडीवर पिशवी, म्हणजे कापडी पिशवी, घट्ट धरून बसल्या होत्या.

"मॅडम, पण ती असते केवढी? मला दाखवा."

मॅडमनी स्वतःची मूठ वळली आणि टेबलावर ठेवली. "एवढी. ज्याची त्याची मूठ धरा, साधारण तेवढी."

सासूबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. स्वतःची मूठ वळली. त्यांचा हात लहानखुरा, बोटं वाकलेली. त्या मुठीकडं बघतच राहिल्या.

"एवढीशीच? मला तर सांगितलं होतं, सुजून टरबुजाएवढी झाली, आज नाही काढली तर फुटेल."

"तुमची सोनोग्राफी झाली होती का?"

"कशाची सोनोग्राफी? पोट दाबून बघितलं." मग त्या माझ्याकडं वळल्या आणि एकदम अहिराणीत गेल्या. "मनी केवढी व्हती वं?"

त्यांची केवढी होती, ते मी कसं सांगणार? कुणीच सांगू शकणार नव्हतं. कागद नाही, आकडा नाही. मी सासूबाईंची मूठ माझ्या हातात घेतली, ती त्यांनी बराच वेळ उघडली नाही.

चौथ्या दिवशी दुखणं थांबलं. साफ थांबलं! मी त्याच दिवशी पहिल्या दवाखान्यात गेले आणि तारीख रद्द केली. डॉक्टर म्हणाले, तुमची मर्जी, पुढं काही झालं तर आमच्याकडं येऊ नका. मी म्हटलं, "येणार नाही. माझी फाईल द्या." काउंटरवरची बाई म्हणाली, फाईल इथंच राहते. मी माझा नेहमीचा आवाज काढला. "पिशवी माझी, कागद माझा. द्या इकडं!" बाकावर बसलेल्या बायका माना वर करून बघायला लागल्या. फाईल मिळाली. जाताना एक जण पदर सावरत माझ्यामागं जिन्यापर्यंत आली आणि तिनं विचारलं, काय झालं हो? मी तिला जिन्यातच सगळं सांगितलं, डॉक्टरबाईंच्या पत्त्यासकट.

घरी यांनी नवा तक्ता केला. ह्या वेळी पेनानं. मूल न झालेली, मुलं झालेली, पाळी गेलेली, असे तीन रकाने, आणि प्रत्येकात एक आकडा न लिहिता इथून-इथपर्यंत असं लिहिलेलं. माझ्या रकान्यासमोर त्यांनी ठसठशीत "पास" लिहिलं, आणि कारखान्यात करतात तशी खाली सही ठोकली. मी म्हटलं, हे काय, मला तुमच्या सहीची गरज नाही. तरी तो कागद मी फाईलमध्ये जपून ठेवलाय. पहिला मात्र गॅसवर धरून जाळला, आणि त्यांनाच जाळायला लावला.

पुढच्या सीझनच्या पहिल्या दिवशी आम्ही आठही जणी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या राहिलो. लिटरच्या. दर दोन तासांनी सगळ्या लाईन थांबवून जायला लागलो. सुपरवायझरनं घड्याळ दाखवलं. मी त्याला सांगितलं, "दादा, तुमची आई असती इथं तर?" तो मालकाकडं गेला. तीन आठवड्यांत टेबलापासून पन्नास पावलांवर दोन नवे संडास उभे राहिले. पिंपळगावच्या ताईनं नारळ फोडला, खरंच फोडला, आणि प्रसाद वाटला.

पण मला सांगायचंय ते यंदाच्या जूनमधलं. माझी नणंद सटाण्याला दिलेली आहे, तीन मुलांची आई, अडतीस वर्षांची. तिचा फोन आला. पोट दुखतं, डॉक्टर म्हणतात पिशवी मोठी झालीय, काढायची, परवाच या. ती रडत नव्हती. चला, आपलाही नंबर लागला, असं काहीसं म्हणाली. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला, आत गेल्या आणि बाहेर जाताना नेसायचं लुगडं कपाटातून काढलं. अडुसष्ट वर्षांची बाई, सांधे धरलेले, एसटीत बसली की उलटी होते. मी बरोबर गेले.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी रिपोर्ट उघडला आणि तेच सुरू केलं, बल्की आहे, मुलं झालीच आहेत. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई खुर्चीवरून उठल्या. टेबलापाशी गेल्या. वाकड्या बोटांची ती मूठ वळली आणि रिपोर्टवर ठेवली.

"पोरीले तीन लेकरं शेतस," त्या म्हणाल्या. "मनी कोणी मोजीच नही, तशीच काढी टाकी. हिनी मोजा, लेकरं धरीसन मोजा, मंग बोला."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली, रिपोर्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, आणि नणंदेला विचारलं, "ताई, दुखतं म्हणजे नेमकं कुठं?"

दुखणं पित्ताच्या खड्यांचं निघालं. नणंदेची पिशवी तिच्यापाशीच आहे, नऊ पॉईंट चार. माझ्यापेक्षा तीन मिलिमीटरनं मोठी, हे ती मला भेटल्या भेटल्या ऐकवते.